पाटावरची बंदूक

आमच्या वाडीत माझी ख्याती दोन गोष्टींसाठी होती. एक, गुरुजींचं अक्षर वळणदार आहे. दोन, खडूच्या पेटीतून पाल निघाली तर गुरुजी मुलांच्या आधी वर्गाबाहेर असतात. पहिली ख्याती मी स्वतः पसरवली होती, दुसरी मुलांनी. दुसरी जास्त लांब गेली.

अशा माणसाच्या घरात बंदूक होती.

हातखंब्याच्या तिठ्यापासून वीस मिनिटं आत चाललं की आमची वाडी लागते. ऐंशी सालानंतरच्या त्या वर्षांत तिथे पंधरा-सोळा घरं होती आणि निम्म्या घरांतले पुरुष मुंबईला. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची आणि परसात वानरांचा कळप यायचा. म्हणून शेताच्या राखणीसाठी वाडीत चौघांकडे बंदुकीचं लायसन होतं. त्यातले एक माझे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणायचो.

बंदूक ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू घालायची, मग चिंधी, मग छर्रे, वर पुन्हा चिंधी, आणि सगळं लोखंडी गजाने ठासायचं. मागे घोड्याखाली तांब्याची इवलीशी टोपी बसवायची, तिला केप म्हणतात. घोडा केपवर आपटला की बार. या बंदुकीची खोड अशी की ती भरायला वेळ लागतो आणि भरल्यावर रिकामी करायला बार काढण्यावाचून सोपा उपाय नसतो. त्यामुळे वाडीत कुणाची ना कुणाची बंदूक भरलेलीच भिंतीला असायची. डुक्कर आज आला नाही तर उद्या येईल, दारू कशाला फुकट घालवायची, असा सगळ्यांचा विचार. केप काढली की बंदूक म्हणजे काठी, हेही सगळे मानायचे.

आबांचा मात्र एक नेम होता. बंदूक खुंटीला लावण्याआधी ते नळीत गज सोडायचे. गज तळाला जाऊन वर चारच बोटं उरली तर बंदूक रिकामी. जास्त उरला तर आत बार आहे.

त्या वर्षी श्रावणात आबांचा गुडघा सुजला आणि ते ओटीवर बसून राहिले. वानरांना ही बातमी कुणी दिली कोण जाणे. एका दुपारी अख्खा कळप काकडीच्या मांडवावर उतरला.

आबा म्हणाले, "मास्तर, आज तू जा." घरात चेष्टा करायची असली की ते मला मास्तर म्हणायचे.

बायको आतून म्हणाली, "जा की. वर्गात ओरडता तसं ओरडलात तरी पळतील."

बंदूक भरायला आबांनी शिकवलं होतं, ते मी नीट केलं. गृहपाठात मी कधी कमी पडलो नाही. परसामागच्या काजूंच्या झाडीत गेलो, बंदूक खांद्याला लावली आणि वर बघितलं. कळपाचा म्होरक्या फणसावर बसून माझ्याकडे बघत होता. शाळा तपासायला आलेले साहेब हजेरीपटाकडे बघतात तसा. मी बंदूक खाली घेतली आणि खिशातून, गणपतीसाठी आणून ठेवलेल्यांतला एक सुतळी बॉम्ब काढला. तो खिशात कसा होता हे विचारू नका. घरातून निघतानाच मी काय ठरवून निघालो होतो ते उघड होईल.

बॉम्ब फुटला. वानर गेले. मी ओटीवर आलो.

"बार चांगला वाजला," आबा म्हणाले.

मी "हो" म्हटलं आणि बंदूक खुंटीला लावली. संध्याकाळी सांगू असं ठरवलं होतं. संध्याकाळी बायकोने मुद्दाम काकडीची कोशिंबीर केली आणि आबांनी शेजाऱ्यांना हाक मारून माझा पराक्रम सांगितला. मग म्हटलं उद्या सांगू. पुढे मी विसरलो असं लिहिलं तर ते दुसरं खोटं होईल. विसरलो नाही, सवय झाली.

नवरात्र आलं. खंडेनवमीला आमच्याकडे ओटीवर मोठा पाट मांडून हत्यारांची पूजा होते. कोयता, विळी, नांगराचा फाळ, आणि मधोमध बंदूक. एका कडेला माझं फाउंटन पेन आणि खडूची पेटी. आमच्याकडे कुणाला वगळत नाहीत. बंदुकीपुढे आबा एका वाटीत थोडे छर्रे ठेवायचे आणि शेजारच्या वाटीत खोबरं-साखरेचा नैवेद्य. आणि एकदा मांडलेली हत्यारं दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, उत्तरपूजा होईपर्यंत जागची हलवायची नाहीत, ही रीत.

आमची लेक, बाय, तेव्हा तीन वर्षांची होती. देवापुढच्या वाटीत जे असतं ते खायचं असतं, हे तिला आम्हीच शिकवलं होतं. तिने आधी खोबरं-साखर संपवली. मग दुसरी वाटी घेतली.

ठसका ऐकून बायको स्वयंपाकघरातून धावत आली. पोरीचा चेहरा काळानिळा पडला होता. बायकोने तिला मांडीवर पालथी घातली आणि पाठीवर थापा मारल्या. तोंडातून एक छर्रा उडून पाटावर पडला आणि पोरीने रडायला तोंड उघडलं. तेवढं गोड रडणं मी पुन्हा ऐकलं नाही. पण वाटीत दहा-बारा छर्रे होते, आता चार उरले होते.

पोरीला घेऊन आम्ही दोघं तिठ्यावर पळालो. आबांचा गुडघा अजून पुरता बरा नव्हता, ते घरीच राहिले. तिठ्यावर एका ट्रकला झेंडूच्या माळा घालून पूजा चालली होती.

ड्रायव्हर म्हणाला, "नारळ फुटल्याबिगर आज गाडी हलत नाही, गुरुजी." मग त्याने पोरीकडे बघितलं, नारळ चाकासमोरच्या दगडावर आपटला आणि खोबरं न उचलताच गाडी सुरू केली.

रत्नागिरीत दवाखान्याच्या मुलांच्या वॉर्डात एक डॉक्टरबाई होत्या. देशावरच्या, वयाने माझ्याहून लहान, बोलणं सरळ. त्यांनी पोरीचा घसा बघितला, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि फोटो काढायला लावला. फोटोची फिल्म उजेडात धरली, तर पोटाच्या जागी सहा पांढरे ठिपके.

"छातीत एकही नाही," त्या म्हणाल्या. "हे चांगलं झालं. पण शिसं आहे, पोटात राहून चालायचं नाही. दोन-तीन दिवस इथेच राहा. पोरगी जेव्हा जेव्हा शौचाला बसेल तेव्हा तपासायचं. सहा बाहेर पडलेले मला दाखवायचे."

तपासायचं कुणी, हे बायकोने माझ्याकडे बघून ठरवलं.

मला वाटलं संपलं. पण डॉक्टरबाईंनी फोटो खाली ठेवला नाही. "छर्रे इथे आहेत," त्या म्हणाल्या, "मग बंदूक कुठे आहे?"

"घरी," मी म्हणालो.

"कुठे?"

"ओटीवर. पाटावर. पूजेत."

"भरलेली?"

मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, "नाही हो बाई. श्रावणात ह्यांनीच बार काढला. तेव्हापासून कुणी हात लावलेला नाही."

"रिकामी असल्याचं कुणी बघितलं?"

बायकोने पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"गुरुजी," डॉक्टरबाई म्हणाल्या, "मूल म्हणालं गृहपाठ केलाय, तर वही न उघडता बरोबरची खूण करता का?" मग जरा थांबून म्हणाल्या, "गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे एक मुलगा आणला होता. त्याच्याही घरातली बंदूक रिकामीच होती." त्याचं पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मला विचारवलं नाही.

"ती भरलेली आहे," मी म्हणालो.

बायकोने मान वळवली. "मग श्रावणात वाजलं ते काय?"

"सुतळी बॉम्ब."

पलीकडच्या खाटेवरच्या बाईने पदर तोंडाला लावला. बायको हसली नाही. "केप काढली होतीत?"

मी आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला. पण मला फक्त तो वानर आठवत होता.

"उद्या दसरा," बायको हळू आवाजात म्हणाली. "आबा वाडीत थोरले. सगळी पोरं सोनं द्यायला आधी आपल्या ओटीवर येणार. तुम्ही आत्ता निघा. आणि आबांना कसं सांगायचं ते वाटेत ठरवत बसू नका. विचार करायला लागलात की तुम्ही खिशात काहीतरी घालता."

दुपारची एसटी मिळाली. तिठ्यावरून घरापर्यंत मी चालत गेलो की पळत, ते आठवत नाही. ओटीवर आबा खांबाला टेकून बसले होते, आणि पाटाशेजारी माझ्याच दुसरीच्या वर्गातल्या दोन मुली झेंडूच्या माळा ओवत होत्या. एकीने ओवलेली माळ ठेवायला जागा नव्हती म्हणून बंदुकीच्या नळीवर टाकली होती.

"बाय कशी हाय?" आबांनी विचारलं.

"बरी आहे. धोका नाही. आबा, बंदूक उचलायची आहे."

"उद्या."

"आत्ता."

"उत्तरपूजा झाल्याबिगर?" आबा माझ्याकडे बघत राहिले. "मास्तर, तू शाळेत पोरांना शिकवतंस तरी काय?"

मुली ऐकत होत्या. उद्या ही गोष्ट वर्गात जाणार, हे मला दिसत होतं. त्यांना आधी घरी पाठवावं आणि मग बोलावं, असा एक सोईस्कर विचार मनात येऊन गेला. पण मुलीचा हात नळीवरची माळ सारखी करत होता.

"आबा, श्रावणात मी बार काढलाच नाही. मला भीती वाटली. मी सुतळी बॉम्ब लावला. बंदूक तेव्हापासून भरलेली आहे."

आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. मुलींना म्हणाले, "माळा राहू देत. तुमी दोघी मागच्या दारानं घरी जावा. पाटाच्या पुढनं नको." मुली गेल्यावर खांबाला धरून उठले, पळीत पाणी घेतलं, पाटावर अक्षता टाकल्या. "देवा, घाई झाली, पदरात घे," एवढंच म्हणाले, आणि उत्तरपूजा झाली. दरवर्षी तिला पाऊण तास लागायचा.

नळी अंगणाकडे राहील अशी त्यांनी बंदूक उचलली. घोडा, केप, सगळ्यावर सकाळच्या हळदकुंकवाचा लेप होता. आबांनी तो अंगठ्याने पुसला. खाली तांबं चमकलं.

केप होती. आम्ही सगळ्यांनी सकाळी तिच्यावर कुंकू वाहिलं होतं आणि शेजारी पोर बसवली होती.

आबांनी घोडा अंगठ्याने अडवून धरला, केप काढून मुठीत घेतली, मग नळीत गज सोडला. चार बोटं उरायची तिथे वीतभर गज वर राहिला. त्यांनी तो बाहेर काढला, धोतराला पुसला, आणि तेव्हा बोलले.

"गज टाकायचा नेम माझा. तू लावलीस खुंटीला, म्हणून मी बघितलां नाय."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरामागे चिऱ्याची जुनी खाण आहे, तिच्यात कुणी जात नाही. आबा दुखऱ्या गुडघ्याने तिथवर चालत आले. मी बंदूक घ्या म्हणून पुढे केली, तर म्हणाले, "ज्याने भरली त्याने काढायची." खाणीत उतरून मी समोरच्या लाल भिंतीवर नेम धरला. एवढी मोठी भिंत चुकणं शक्य नव्हतं, तरी आबा माझ्या बरोब्बर मागे उभे राहिले. पहिल्या खेपेला नुसता घोडा वाजला. पावसाळाभर ओल खाल्लेली केप ती. आबांनी बरंच थांबायला लावलं आणि मग दुसरी केप दिली. मी डोळे मिटले आणि पुढच्या क्षणी मातीत बसलेला होतो. धूर निवळला तेव्हा भिंतीवर सुपाएवढ्या जागेत चिऱ्याचे टवके उडालेले दिसले. आमच्या बायची उंची मनात आणून मी ती जागा बघितली आणि मग पुन्हा बघितली नाही.

आबांनी हात देऊन मला उठवलं. "बॉम्बाएवढा नाय वाजला," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, आबा गुडघ्याला फडकं बांधून एसटीने रत्नागिरीला आले. बायला सोनं दिलं, सुनेला दिलं, आणि आपट्याचं एक पान डॉक्टरबाईंच्या हातावर ठेवलं. मला ते खिशात शोधल्यासारखं करून सगळ्यांत शेवटी मिळालं.

डॉक्टरबाईंनी पान घेतलं आणि विचारलं, "बघितलीत?"

"भरलेली होती," आबा म्हणाले. "आता रिकामी हाय. मी गज टाकला."

"आता कुठे आहे?"

"खुंटीला."

"कुलपात ठेवा."

आबांना हे पटलं नाही. "बाई, बंदूक म्हंजे काय दागिना हाय? भातात डुक्कर शिरला तर तो काय किल्ली सापडंपर्यंत वाट बघंल?"

डॉक्टरबाई उत्तर देणार होत्या, पण बायको पोरीला केळं भरवता भरवता म्हणाली, "खाऊ दे की चार लोंब्या. भात काय, पुढल्या वर्षी पुन्हा लावू."

आबा तिच्याकडे बघत राहिले. तिने केळ्याचा पुढचा तुकडा मोडला. सुनेने आबांना उलटून बोलायची ती पहिली वेळ, आणि वॉर्डात सगळ्यांना ती ऐकू गेली होती. मला वाटलं आता काहीतरी होणार. आबा खाटेच्या कडेवर बसले आणि नातीच्या पायावरून हात फिरवत म्हणाले, "कुलूप कसलां लावायचां ते सांगा."

मग डॉक्टरबाईंनी नीट सांगितलं. बंदूक एका कुलपात, आणि ती रिकामीच. दारू, छर्रे, केपा दुसऱ्या कुलपात, दुसऱ्या खोलीत. दोन किल्ल्या दोन माणसांकडे, आणि त्यांतला एक तरी असा हवा की ज्याला बंदूक आवडत नाही. हे ऐकून आबांनी आणि बायकोने एकदमच माझ्याकडे बघितलं. तरी दुसरी किल्ली माझ्याकडे आली नाही. ती बायकोच्या मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात गेली, आणि अजून तिथेच आहे.

चौथ्या दिवशी सहावा छर्रा सापडला. मी आयुष्यात हजारो पेपर तपासले, पण इतक्या बारकाईने एकही नाही. दुसऱ्या फोटोत पोट स्वच्छ निघालं. डॉक्टरबाईंनी लगेच घरी जायची चिठ्ठी दिली नाही. आधी मला विचारलं, पेटी झाली का. वाडीतल्या सुताराने फणसाच्या लाकडाची लांबट पेटी करून माजघराच्या भिंतीत ठोकली होती. आबांनी आदल्या दिवशी स्वतः उभं राहून करून घेतली होती. मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बघितलीत?" मी म्हटलं, "नाही, आबांचा निरोप आला." त्या नुसत्या बघत राहिल्या. मी घरी जाऊन, पेटी उघडून, बंदुकीत गज टाकून परत आलो, तेव्हा चिठ्ठी मिळाली.

पण त्यांनी मला पुरतं सोडलं नाही. खेड्यातून कुठलंही मूल आलं, ताप असो की जुलाब, की त्या आईबापांना विहिरीला कठडा आहे का, रॉकेल कुठे ठेवता, हे विचारायच्या, आणि त्यात आता घरात बंदूक आहे का हेही. आहे म्हणाले तर पुढचा प्रश्न. रिकामी आहे म्हणाले तर, कुणी बघितली. मी पोरीला पुन्हा दाखवायला नेलं तेव्हा शेजारच्या खाटेवर मंडणगडकडचा एक बाप बसला होता. त्याच्या मुलाला ताप होता. त्याला बंदुकीचा विषय काढल्याचा राग आलेला दिसत होता.

"आमच्यात सगळ्यांना कळतं बंदुकीतलं," तो म्हणाला.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "ह्या गुरुजींना विचारा, त्यांनाही कळायचं."

आणि त्या निघून गेल्या. मला सांगावं लागलं. वानरापासून सुरुवात केली. सुतळी बॉम्बपाशी तो माणूस इतका हसला की त्याचं पोर जागं झालं. कुंकवाखालच्या केपेपाशी हसायचा थांबला. जाताना त्याने विचारलं, "गज किती बोटं वर राहायला पाहिजे म्हणालात?"

"प्रत्येक बंदुकीचं वेगळं. घरी आपलं मोजून ठेवा," मी म्हणालो. बंदुकीतलं मला कुणी काही विचारण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ.

मग वाडीतल्या उरलेल्या तीन घरीही मी गेलो. उपदेश करायला गेलो असतो तर चहासुद्धा मिळाला नसता. माझी फजिती त्या दोन मुलींनी आधीच घरोघर पोचवली होती, लोक ती माझ्या तोंडून ऐकायला बोलवत होते. सांगून झालं की हसत हसत एकजण उठायचा आणि म्हणायचा, "आणा रे आपली, बघू तरी." तिघांपैकी एकाची भरलेली निघाली. ती कुणी भरली, यावर त्या घरात अजून एकमत नाही. सुताराला त्या महिन्यात तीन पेट्यांचं काम मिळालं.

पुढच्या नवमीला आबांनी बंदूक पेटीतून काढली, पाटावर ठेवण्याआधी ओटीवर सगळ्यांसमोर उभी धरली आणि मला म्हणाले, "मास्तर, टाक गज." मी टाकला. बायकोने चार बोटं लावून मोजली. आबांनी मग शेजाऱ्यांनाही मोजायला लावली. छर्रे पाटावर आले नाहीत. त्या वाटीतही खोबरं-साखरच होती. बायने दोन्ही संपवल्या. त्या वर्षी बाकीच्या तीन घरांतही गज टाकूनच पूजा मांडली गेली, आणि नंतर दरवर्षी.

काही वर्षांनी शेजारच्या घरात मालगुंडची सून आली. तिची पहिली नवमी. पूजेआधी सगळे त्यांच्या बंदुकीभोवती जमलेले, गज नळीत आणि म्हातारी सासू बोटं मोजतेय, हे बघून तिने विचारलं, "हे कशाला, आत्या? आमच्याकडे असं नाही करत."

"आमच्यात करतात," म्हातारी म्हणाली. "पयल्यापास्नं हाय."

आबा तिथेच बसले होते. मीही होतो. म्हातारीने सुनेचा हात धरून नळीच्या तोंडाशी नेला आणि तिची बोटं गजाला लावली. बोटं बरोबर बसली. मग तिने बंदुकीला हळद लावली.